पत्रा बघून घ्या, रंग बघून नको

मागच्या अंकात माझ्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा, एमजीबीचा, फोटो छापला आणि संपादकांकडे प्रश्नांची रीघ लागली. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत. नावं छापायची नाहीत असं ठरलंय, म्हणून फक्त गाव.

प्रश्न (स्लाव): काका, मुलगी युनिव्हर्सिटीला गेली, गॅरेज रिकामं पडलंय आणि जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायचं कधीपासून डोक्यात आहे. ई-टाइप जॅग्वार आपल्या खिशाची नाही हे कळून चुकलंय. मग एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर की टीआर-६? हातात स्पॅनर कधी धरलेला नाही, आयटीवाला आहे.

उत्तर: एमजीबी घ्या. ई-टाइपचं मनाला लावून घेऊ नका, १९६१ मधे जिनिव्हाच्या शोमधे आली तेव्हापासून ती सगळ्यांनाच हवीय, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या म्युझियमनं तर एक संग्रहात ठेवलीय, म्हणजे बघायची असेल तर तिथं जाऊन बघता येईल.

टीआर-६ चा सहा सिलिंडरचा आवाज ऐकला की माणूस पाघळतो हे खरं, पण ब्रिटनमधे विकलेल्या टीआर-६ ला लुकासचं मेकॅनिकल पेट्रोल इंजेक्शन आहे आणि ते कळणारा माणूस जवळपास नसेल तर गाडी उभीच राहते. स्पिटफायर स्वस्त आहे, वेगळ्या चासीची आहे, बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट अख्खं पुढे उघडतं त्यामुळे टायरवर बूड टेकून निवांत इंजिनचं काम करता येतं. फक्त १९७० च्या आधीच्या असतील तर जपून, वळणात मधेच ॲक्सिलरेटर सोडला की मागचं चाक आत दुमडायला बघतं, नवीन माणसाला ते एकदम अंगावर येतं. शिवाय कोणीतरी क्लच दाबत असताना इंजिनची पुढची पुली मागेपुढे हलतेय का बघा, हलत असेल तर थ्रस्ट वॉशर (क्रँकला मागेपुढे सरकू न देणाऱ्या चकत्या) संपलेत, गाडी सोडून द्या.

एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला बनली, पाच लाखांच्या वर निघाल्या, त्यामुळे तिचा प्रत्येक नट-बोल्ट आजही नवा मिळतो. इंजिन १७९८ सीसीचं बी-सिरीज. आपल्या ॲम्बेसेडरमधे जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं ते ह्याच घराण्यातलं, म्हणजे तुमच्या वडिलांच्या वेळच्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला ह्याचं बॉनेट उघडून दिलं असतं तर त्याला काही विशेष वाटलं नसतं. आयटीवाल्याला शिकायला ह्याच्यापेक्षा सोपं इंजिन नाही.

प्रश्न (मिल्टन कीन्स): एक १९७१ ची लाल एमजीबी रोडस्टर बघून आलो. रंग आरशासारखा, इंजिन नुकतंच रीबिल्ड केलंय म्हणे, बिलं पण दाखवली. रविवारी परत जायचंय. काय काय बघू?

उत्तर: रंग आणि इंजिन सोडून बाकी सगळं बघा. चेष्टा नाही करत. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे सगळं बोल्टनं लावलेलं असतं, बिघडलं तर काढून दुसरं बसवता येतं. पत्रा मात्र एकदा सडला की कापून वेल्डिंग करायला लागतं आणि बॉडीचं पूर्ण काम काढलं तर खर्च सहज गाडीच्या किमतीच्या वर जातो. चकाचक लाल रंगाखाली काय भरलंय हे विकणाऱ्याला माहीत असतं, तुम्हाला नसतं.

एमजीबीला वेगळी चासी नाही हे आधी लक्षात घ्या. तिच्या आधीच्या एमजीएला होती, हिची बॉडी हीच चासी. आणि रोडस्टरला वर छप्पर नाही, म्हणजे गाडीचा पुढचा भाग आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवायचं सगळं काम दारांखालच्या दोन सिलवर येतं, माळवदाच्या घरात तुळईवर येतं तसं. हे सिल म्हणजे बाहेरून दिसणारी एक पट्टी नव्हे, बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मधे उभा एक पडदा आणि खाली किल्ल्याच्या तटासारखी खाचा असलेली पट्टी, तिला इथले लोक कॅसल रेल म्हणतात. ह्यातलं आतलं सडलेलं असताना बाहेरून नुसता नवा पत्रा चढवून रंग मारता येतो आणि असं लोक सर्रास करतात.

तर आता रविवारी काय करायचं. कपडे जुने घाला आणि बरोबर टॉर्च, पातळ कपड्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि एक जाडजूड मित्र घेऊन जा. हूड, म्हणजे कापडी छप्पर, खाली पाडायला सांगा. दार बंद असताना दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत बघून ठेवा. मग मालकाची परवानगी घेऊन सिलच्या मधे जो जॅकिंग पॉइंट असतो तिथं जॅक लावून ती बाजू उचला आणि परत तीच फट बघा, दार उघडून लावून बघा. फट कमीजास्त झाली, दार अडकायला लागलं, किंवा जॅकखाली बिस्किट मोडल्याचा आवाज आला तर जॅक खाली घ्या, मालकाचे आभार माना आणि घरी या. जॅक लावायलाच मालक नको म्हणाला तर उत्तर तिथंच मिळालं! जॅक नसेल तर मित्राला गाडीत बसवून दार लावून बघा, तेवढ्यानंही बरंच कळतं.

मग गुडघ्यावर बसा. पुढच्या चाकाच्या मागे मडगार्डच्या आत हात घाला, तिथं वरच्या बाजूला एक कठडा आहे त्यावर वर्षानुवर्षं चिखल साठतो आणि ओला राहतो, सड तिथूनच सुरू होते आणि मडगार्डच्या खालच्या टोकाला फोड येऊन बाहेर दिसते. इथं बाहेर बोटभर फोड दिसला तर आत तळहाताएवढं भोक आहे असं धरून चाला. चुंबक मडगार्डच्या खालच्या टोकावर, सिलवर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवा, जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, लांबी (पुटी) भरलेली आहे. मूळ सिल पुढच्या मडगार्डच्या आतपर्यंत जातो, त्यामुळे तो नीट बदलायचा तर मडगार्ड काढायलाच लागतं. मालक सिल बदलले म्हणत असेल तर कामाचे फोटो मागा. चांगलं काम करून घेणारा माणूस फोटो काढल्याशिवाय राहत नाही, न मागता दाखवतो.

दारावर छोट्या तिकोनी काचेजवळ पत्र्याला आडवी चीर असते ती मात्र बहुतेक सगळ्या एमजीबींना येते, तेवढ्यावरून घाबरू नका, भावात धरा. सीटच्या मागे बॅटऱ्यांचं झाकण उचलून बघा, तुमच्या १९७१ च्या गाडीत मूळच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या, आता कोणीतरी एक बारा व्होल्टची टाकली असेल, पण त्या खोक्यांचा तळ जागेवर आहे का बघा, पुष्कळदा खाली रस्ता दिसतो.

हे सगळं पास झालं तर मग इंजिन. थंड असतानाच चालू करायला सांगा, तुम्ही पोचायच्या आधी गरम करून ठेवलं असेल तर का ते विचारा. चांगलं गरम झाल्यावर रस्त्यावर ऑइल प्रेशर ५० पीएसआयच्या आसपास किंवा वर हवं, उभ्या गाडीला १५ च्या खाली जाऊ नये. ओव्हरड्राइव्ह (टॉप गिअरच्याही वरचा जादा गिअर) असेल तर टॉप गिअरमधे बटण दाबा, आरपीएम जवळपास पाचव्या हिश्श्यानं उतरले पाहिजेत, आणि ओव्हरड्राइव्ह असलेलीच गाडी घ्या, मोटरवेवर त्याच्याशिवाय डोकं उठतं. तारांच्या स्पोकची चाकं असतील तर एका स्पॅनरनं प्रत्येक तारेवर हलकेच टकटक करा, चांगली तार खणखणते, ढिली बोदा आवाज काढते. गाडी सुटताना आणि रिव्हर्स घेताना मागून खट्ट आवाज आला तर चाकाचे स्प्लाइन (ॲक्सलवर बसणारे दाते) झिजलेत किंवा ॲक्सलचे वॉशर गेलेत, दोन्ही दुरुस्त होतात, किमतीतून कापून घ्या.

आणि जमलं तर विचारा की बॉडी हेरिटेज शेल आहे का. ब्रिटिश मोटर हेरिटेजनं १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीची नवी बॉडी बनवायला सुरुवात केली, अशा शेलवर नीट बांधलेली गाडी मिळाली तर गंजाची अर्धी काळजी मिटली. अशी गाडी महाग असते. असू दे.

जायच्या आधी घरी बसून एक काम फुकटात होतं. सरकारी वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीचा, इतिहास येतो. त्यात "सिलला गंज" असा शेरा तीन वर्षं लागोपाठ येऊन चौथ्या वर्षी अचानक गायब झाला असेल तर त्या वर्षी वेल्डिंग झालं की नुसती लांबी भरली एवढंच विचारायचं राहतं.

प्रश्न (लेस्टर): रबर बंपरची एमजीबी बरीच स्वस्त मिळते. लोक नाकं मुरडतात. खरंच एवढी वाईट आहे का?

उत्तर: नाही हो. १९७४ च्या शेवटी अमेरिकेच्या नियमांपायी क्रोमचे बंपर काढून काळे जाड बंपर लावले आणि हेडलाइटच्या उंचीचा तिथला नियम पाळायला गाडी दीड इंच उचलली. निम्म्याहून जास्त गाड्या अमेरिकेतच जायच्या, त्यामुळे ॲबिंग्डनला दुसरा इलाज नव्हता. उंच झाली आणि वर पुढचा अँटी-रोल बारही काढला, मग वळणावर झुलायला लागली आणि नाव खराब झालं. १९७६ पासून बार परत आला. म्हणजे १९७७ नंतरची बघा, ओव्हरड्राइव्हही त्यात कंपनीनंच दिलेलं असतं. दीड इंच खाली घ्यायचे किट मिळतात. दिसायला मला क्रोमचीच आवडते, पण पैसे वाचवून चांगला पत्रा मिळत असेल तर रबर बंपर डोळे मिटून घ्या.

प्रश्न (हॅरो): आमच्या ह्यांना पन्नासाव्या वाढदिवसाला अशी गाडी घ्यायचीय म्हणे, स्वतःच स्वतःला गिफ्ट. मला एकच सांगा, ह्यात दोन मुलं बसतील का आणि सेफ आहे का? खरं सांगा, पुरुषांची बाजू घेऊ नका.

उत्तर: ताई, खरं सांगतो. रोडस्टर दोघांची गाडी आहे, तिसऱ्याला जागाच नाही. जीटी म्हणून छपरावाली एमजीबी १९६५ पासून बनली, तिचा आकार इटलीच्या पिनिनफरिनाच्या मदतीनं ठरला आणि फार देखणा आहे, तिला मागे एक बाक आहे पण त्यावर लहान पोरं बसतात, शेंगा फुटल्यागत वाढलेली टीनएजर नाहीत. छप्पर असल्यामुळे बॉडी जास्त भक्कम, पावसात कोरडी, डिकीत किराणा मावतो, आणि किंमत रोडस्टरपेक्षा कमी. ह्यांना जीटीकडे वळवा.

सेफ म्हणाल तर आजच्या गाडीच्या मानानं नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक. नीट ठेवले तर ते चांगले लागतात पण पुढच्या गाडीपासून आजच्यापेक्षा दुप्पट अंतर ठेवायची सवय लावून घ्यावी लागते, पावसात तर नक्कीच. मुलांना शाळेत सोडायची ही गाडी नव्हे. रविवारी सकाळी तुम्ही दोघं जा, पोरं झोपलेली असतात.

प्रश्न (हॅरो, वरच्या ताईंचे "हे"): टॅक्स, एमओटी, यूलेझ, ई-१० पेट्रोल ह्या सगळ्याचं काय? बायकोला आकडे दाखवायचेत.

उत्तर: हा भाग दाखवाच! गाडीला चाळीस वर्षं झाली की ती हिस्टॉरिक वर्गात जाते आणि रोड टॅक्स शून्य. शेवटची एमजीबी १९८० ची, म्हणजे आता सगळ्याच बसतात. शून्य असला तरी दर वर्षी टॅक्स भरल्याची नोंद करायलाच लागते, ती विसरू नका. लंडनचा यूलेझही (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा रोजचा आकार) हिस्टॉरिक टॅक्स वर्गातल्या गाडीला माफ आहे, हॅरोवाल्यांना ह्याचं महत्त्व सांगायला नको. एमओटी मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाडीला सक्तीची नाही, जर तिच्यात मोठे फेरफार केलेले नसतील तर. तरी दर वर्षी करून घ्या. लिफ्टवर चढवून तिऱ्हाईत माणूस खालून बघतो त्याची किंमत थोड्या पौंडांत होते आणि विकताना कागद कामाला येतो. इन्शुरन्स क्लासिकवाल्यांकडूनच घ्या आणि गाडीची किंमत आधीच ठरवून लिहून घेतात तसा घ्या, नाहीतर ठोकली तर तुम्हाला जुन्या डबड्याचा भाव हातात देतील.

पेट्रोल ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) नको. सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० झालं, त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी पाइपांना आणि सीलना खातं. सुपर ग्रेडमधे ई-५ मिळतं ते टाका आणि पाइप एकदा नवीन, इथेनॉल चालतील असे घालून घ्या. शिसं व्हॉल्व्हच्या बैठका झिजू द्यायचं नाही, पण शिसं घातलेलं पेट्रोल १९९९ च्या शेवटाला बंद झालं, त्यामुळे सिलिंडर हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवलेत का हे मालकाला विचारा. नसतील तर प्रत्येक टाकीला बाटलीतलं ॲडिटिव्ह घालत बसावं लागेल.

प्रश्न (बर्मिंगहॅम): लुकासच्या वायरिंगबद्दल इतके विनोद ऐकलेत की भीती वाटते.

उत्तर: लुकासला "अंधाराचा राजपुत्र" म्हणायचा विनोद इथल्या प्रत्येक पबमधे ऐकायला मिळतो, आणि गंमत म्हणजे कंपनी तुमच्याच गावची. पण ह्या गाडीत वायरी आहेत तरी किती! जुन्या एमजीबीला फ्युज दोन, नंतरच्यांना चार. तपकिरी वायर थेट बॅटरीची, पांढरी चावीची, हिरवी चावीनंतरची फ्युजमधून आलेली, जांभळी कायम चालू फ्युजवाली, काळी अर्थिंगची. एवढं पाठ झालं की अर्धा इलेक्ट्रिशियन झालात. दिवा मिणमिणतोय, इंडिकेटर मधेच दमतोय, तर दहातल्या आठ वेळा काळ्या वायरीचं टोक गंजलेलं असतं. काढा, सॅंडपेपरनं घासा, परत लावा. एकच खबरदारी, १९६७ पर्यंतच्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली, सगळं उलटं, त्यात न बघता फोनचा चार्जर किंवा नवा रेडिओ जोडला तर धूर निघेल.

प्रश्न (पुणे): काका, आमच्या हेक्टरवर पण तोच अष्टकोनी एमजीचा बिल्ला आहे. तीच कंपनी का? आणि भारतात अशी जुनी एमजी ठेवायची तर नोंदणीचं काय?

उत्तर: बिल्ला तोच, बाकी काही नाही. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, विल्यम मॉरिसचं ऑक्सफर्डमधलं गाड्या विकायचं दुकान. तिथला मॅनेजर सेसिल किम्बर मॉरिसच्या साध्या गाड्यांवर देखण्या बॉड्या चढवून विकायला लागला आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं. १९२९ ला ॲबिंग्डनला गेले, १९८० ला ॲबिंग्डन बंद झालं. आज नाव चीनच्या सैक कंपनीचं आणि तुमची हेक्टर गुजरातमधल्या हालोलची.

नोंदणीचं म्हणाल तर केंद्र सरकारनं २०२१ मधे व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांच्या वरची, मूळ रूपात असलेली गाडी असेल तर २० हजार रुपये भरून दहा वर्षांची नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. पण रोजच्या वापराला बंदी आहे. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणं एवढंच. म्हणजे हिंजवडीला ऑफिसला न्यायचं स्वप्न असेल तर ते सोडा, तसंही त्या ट्रॅफिकमधे तिचं पाणी उकळलं असतं. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे, आधी त्यांच्या रॅलीला जाऊन मालकांशी बोला, गाड्या तिथंच ओळखीतून हात बदलतात.

प्रश्न (रेडिंग): चालवून बघितली. खरं सांगू का, माझी डिझेल गोल्फ हिच्यापेक्षा पळते. मग लोक एवढे वेडे का होतात?

उत्तर: पळतेच. एमजीबीची ताकद ९५ हॉर्सपॉवर सांगायचे आणि ताशी शंभर मैलांच्या जरा वर जाऊन ती दमते. पण तुम्ही चालवली कुठं, रेडिंगच्या रिंग रोडवर ना? सकाळी सातला कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांतल्या एखाद्या बी-रोडवर, म्हणजे लहान रस्त्यावर, घेऊन जा, हूड खाली, हीटर चालू. स्टिअरिंगला पॉवर नाही त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक खडा तळहाताला कळतो, बूड जमिनीपासून वीतभर वर, आणि पन्नासच्या स्पीडला जे वाटतं ते गोल्फमधे नव्वदला वाटत नाही आणि लायसन्सही शाबूत राहतं. तिसऱ्या गिअरमधे वळणात शिरायचं, बाहेर पडताना पाय दाबायचा, मागून तो जाड घोगरा आवाज येतो. पटलं तर पटलं, नाही पटलं तर गोल्फ चांगली गाडी आहे.

आणि दमदार नाही असं समजू नका. १९६३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एक एमजीबी सुरुवातीलाच वाळूत रुतली, ड्रायव्हर ॲलन हचिसन तासाभराहून जास्त वेळ ती उकरून काढत होता, आणि तरी पॅडी हॉपकर्क आणि तो मिळून बारावे आले, दोन लिटरच्या गटात पहिले.

प्रश्न (स्विंडन): नवीनच घेतलीय. चावी फिरवली की मागून टिकटिकटिक येतं, मग थांबतं. काही बिघडलंय का?

उत्तर: काही नाही, तो एसयू कंपनीचा, टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप आहे. कार्बोरेटर भरेपर्यंत भराभर टिकटिक करतो, भरले की गप्प बसतो, मग स्टार्टर मारायचा. इंजिन बंद आणि चावी चालू असताना टिकटिक थांबतच नसेल तर कुठंतरी पेट्रोल गळतंय किंवा कार्बोरेटरच्या फ्लोटची सुई अडकलीय, लगेच चावी बंद करून आधी वास घ्या. आणि एखाद्या दिवशी टिकटिक आलीच नाही तर क्रोम बंपरच्या गाडीत मागच्या उजव्या चाकाच्या पुढे खाली पंप असतो, त्याला स्पॅनरच्या दांड्यानं हळूच टपली मारा. चालू झाला तर घरी पोचाल, पण त्याच आठवड्यात आतले पॉइंट घासून घ्या.